रेनेसान्समधल्या राजघराण्यातल्या बायकांचा नेदरलंड्सच्या दरबारी चित्रकारांशी काय संबंध होता? त्या फक्त पोर्ट्रेटसाठी बसायच्या का?

नाही हो, अजिबात नाही. म्हणजे तसंही व्हायचं, ड्यूक फिलिपचा दरबारी चित्रकार यान व्हॅन आइक, त्याला 1428 मध्ये पोर्तुगालला पाठवलं होतं ते राजकन्या इझाबेलाचं चित्र काढून आणायला, इकडे नेदरलंड्सवर राज्य करणाऱ्या बर्गंडीच्या ड्यूक फिलिपशी तिच्या लग्नाची बोलणी चालू होती. पण सम्राट मॅक्सिमिलियनची मुलगी मार्गारेट ऑफ ऑस्ट्रिया, तिचं बघा, तिथे सगळं चित्रच वेगळं दिसतं.

तिसऱ्या वर्षी तिचं फ्रान्सच्या राजपुत्राशी लग्न ठरलं, ते मोडलं. मग स्पेनच्या राजपुत्र हुआनशी लग्न, तो काही महिन्यांतच गेला, मग सॅव्हॉयचा ड्यूक, तोही 1504 मध्ये गेला. चोविशीत दुसऱ्यांदा विधवा. तिने पुन्हा लग्न केलं नाही, 1507 पासून मेखेलेन शहरात (आजच्या बेल्जियममध्ये) राहून नेदरलंड्सचा कारभार बघितला आणि तिथे जो चित्रसंग्रह जमवला त्याला तोड नाही. स्पेनची राणी इझाबेला, म्हणजे तिची सासू, वारल्यावर राणीच्या दरबारी चित्रकारांनी केलेल्या 47 छोट्या चित्रांपैकी 32 मार्गारेटकडे आली. हे चित्रकार मूळचे उत्तरेकडचेच, एकाचं तर नावच हुआन दे फ्लांदेस, म्हणजे फ्लँडर्सचा हुआन!

व्हॅन आइकचं ते प्रसिद्ध आर्नोल्फिनी जोडप्याचं चित्रही तिच्याकडेच होतं. तिच्या संग्रहाच्या 1516 च्या यादीत त्याच्यापुढे नोंद आहे की चित्रावरच्या झडपा बंद करायला कुलूप बसवायला हवं आणि मॅडमनी तसं सांगितलंय. मला ही नोंद फार आवडते, कारण राज्याचा एवढा व्याप सांभाळणारी बाई एका चित्राच्या झडपांच्या कुलपाकडेही जातीने लक्ष देत होती.

आणि 1521 मध्ये जर्मन चित्रकार ड्युरर तिला भेटायला आला ते तर वाचाच, त्याने डायरीत लिहून ठेवलंय. तिने त्याला आपला संग्रह दाखवला, चाळीसेक छोटी तैलचित्रं बघून तो खूश झाला. पण त्याने तिला द्यायला आणलेलं तिच्या वडिलांचं, सम्राट मॅक्सिमिलियनचं पोर्ट्रेट तिला इतकं नावडलं की तो ते परत घेऊन गेला, एवढा मोठा चित्रकार असला म्हणून काय झालं! मग त्याने याकोपो दे बार्बारी या इटालियन चित्रकाराचं छोटं पुस्तक मागितलं, हा याकोपो आधी तिच्याच पदरी होता, तर ती म्हणाली, ते मी माझ्या चित्रकाराला कबूल केलंय. तिचा चित्रकार म्हणजे बर्नार्ड व्हॅन ओर्ली, 1518 पासून तिच्या नोकरीत. पुस्तक ड्युररला मिळालं नाही.