सख्ख्या वडिलांबद्दल काहीच वाटत नाही, सावत्र वडिलांबद्दल वाटतं. कॅथोलिक म्हणून हे पाप आहे का?

तुम्ही लिहिलंय की सख्खे वडील तुमच्या लहानपणीच घर सोडून गेले, आईच्या दुसऱ्या नवऱ्याने तुम्हाला वाढवलं, ते ख्रिस्ती नाहीत, आणि फादर्स डेच्या मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) "आपापल्या वडिलांसाठी देवाचे आभार माना" म्हटलं की कुणाचा चेहरा डोळ्यांपुढे आणावा हे तुम्हाला कळत नाही. त्यावर कुणीतरी "चौथी आज्ञा वाचा" (म्हणजे आई-वडिलांचा मान राख) एवढंच लिहून मोकळं झालंय. ते वाचलं आणि राहवेना.

पाप नाही. कृतज्ञता हुकमाने उमटत नाही आणि आज्ञाही मान राखायला सांगते, ऊर भरून यायला हवा असं कुठे म्हणत नाही.

ही चौथी आज्ञा मी आयुष्यभर ऐकत आले आहे. ऐकवणारी माझी आत्या. माझे वडील वारले नव्हते, निघून गेले होते. आईला आणि मला मामाने स्वतःच्या घरी आणलं. प्रगतिपुस्तकावर पालकाची सही तोच करायचा आणि दरवेळी सहीपुढे कंसात 'मामा' लिहायचा. नुसती सही चालेल, असं बाईंनी सांगून पाहिलं. "आहे ते लिहितो," म्हणाला. धर्मशिक्षणाच्या वर्गाला सोडायला-आणायला तोच. रात्री जपमाळ सुरू झाली की डुलक्या खायचा, पण आपल्या वाट्याची दहाची माळ आली की बरोब्बर जागा व्हायचा. संतबिंत नव्हता. संतापी होता, एकदा बिनसलं की घरात दोन-दोन दिवस अबोला धरायचा.

माझं लग्न ठरलं तेव्हा वेदीपर्यंत मामाच्या हाताला धरून जायचं हे मी गृहीतच धरलं होतं. त्याने कोट शिवून घेतला. लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारात पाहते तर आत्या माझ्या वडिलांना घेऊन उभी. बोलावलं होतं का, तर हो, पत्रिका पाठवली होती, पाहुणा म्हणून. आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "बाप जिवंत असताना मुलगी मामाच्या हाताला धरून जाणार? चौथी आज्ञा विसरलीस?" वडील खाली बघत होते. मामा माझ्याकडे बघून म्हणाला, "आज वाद नको," आणि बाजूच्या दाराने आत निघून गेला. पाठमोरा गेला तेव्हा दिसलं, कोटाच्या मागच्या फटीला शिंप्याने घातलेला कच्चा पांढरा टाका तसाच होता. उसवायला कुणी सांगितलंच नव्हतं त्याला.

सोडवणूक केली ती फादरांनी. म्हणाले, आपल्या विधीत मुलगी कुणी कुणाला देत नाही. हा संस्कार वधूवरच एकमेकांना देतात, त्यामुळे दोघं मिळून आत आलात तरी काही अडत नाही. आणि तसंच झालं, मी आणि नवरा बरोबर चालत गेलो. आत्याच्या मते मी बापाचा अपमान केला. माझ्या मते अपमान झाला तो मामाचा, आणि तो तिने केला.

तेव्हापासून हा वाद चालू आहे. तिचा हुकमी पत्ता म्हणजे, "मामाने स्वतःच माघार घेतली की." घेतली ना. पण भल्या माणसाने भांडण नको म्हणून जागा सोडली, एवढ्याने त्या जागेवर दुसऱ्याचा हक्क सिद्ध होत नाही.

आणि धर्माचंच काढायचं असेल तर शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूचं चरित्र, काढा. बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडतो तेव्हा मरिया त्याला काय म्हणते? "तुझे वडील आणि मी कष्टी होऊन तुझा शोध करत होतो." खुद्द त्याची आई मरिया आपल्या नवऱ्याला, योसेफला, त्याचे वडील म्हणते, आणि योसेफने तर त्याला फक्त वाढवलेलं, तो त्याच्या रक्ताचा नव्हता. रक्ताचं खरं काय ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? देवदूत बाळाचं नाव ठेवायला सांगतो तेही योसेफला. शुभवर्तमान लिहिणारा मत्तय येशूची वंशावळ देतो ती योसेफपर्यंत आणून. बाप रक्तानेच ठरत असता तर मत्तयाचं पहिलं पान फाडूनच टाकावं लागलं असतं. पोप फ्रान्सिस यांनी २०२० मध्ये योसेफवर पत्र लिहिलं त्यातही हेच आहे: मूल जन्माला घातलं म्हणून कुणी बाप होत नाही, त्याची जबाबदारी उचलली की होतो. पुढे असंही म्हटलंय की दुसऱ्याच्या आयुष्याची जबाबदारी घेणारा माणूस एका अर्थाने त्याचा बापच होतो. आत्याला मी हे वाचून दाखवलं. "ते योसेफचं झालं," म्हणाली.

योसेफचं तरी काय झालं? चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी एक शब्द नाही. वैश्विक चर्चचा आश्रयदाता म्हणून तो जाहीर झाला १८७० साली. मिस्साच्या मुख्य प्रार्थनेत त्याचं नाव यायला १९६२ उजाडलं आणि तिच्याऐवजी नेहमी म्हटल्या जाणाऱ्या दुसऱ्या तीन प्रार्थनांमध्ये २०१३. वाढवणाऱ्या बापाची आठवण उशिरा काढायची आपली सवय जुनीच आहे.

तुमच्या सावत्र वडिलांपुरतं सांगते. ते ख्रिस्ती नसले तरी त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करता येते. धर्मगुरू कुणासाठीही मिस्सा अर्पण करू शकतात, जिवंत असो वा मृत, असं चर्चच्या धर्मसंहितेतच आहे. चर्चच्या कार्यालयात जाऊन नाव द्या. फादर्स डे जमला नाही तर १९ मार्च, योसेफचा सण. इटली आणि स्पेनमध्ये वडिलांचा दिवस तोच असतो. आणि मिस्सा सांगितलीत तर त्यांनाही सांगा. आपल्यासाठी कुणी मिस्सा ठेवली हे त्या माणसाला कळायला नको?

सख्ख्या वडिलांचं अवघड आहे. ते कसे होते, नुसते निघून गेले की मारहाण वगैरे करत होते, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तसं काही असेल तर लांब राहा. मुलं मोठी होऊन स्वतंत्र झाली की आज्ञापालन संपतं, मान तेवढा उरतो, असं चर्चची शिकवणच सांगते. आणि मान लांबूनही राखता येतो. आत्मचरित्र लिहिणारा जुन्या काळचा संत ऑगस्टिन बघा. त्याचे वडील पात्रिसियस तापट, बायकोशी एकनिष्ठ नसलेले. ऑगस्टिन त्यांचं कौतुक करत नाही, पण ऐपत नसताना त्यांनी आपल्या शिक्षणावर खर्च केला हे नोंदवून ठेवतो. बापाच्या मायेने जवळ केलं ते बिशप अँब्रोजने, असंही तोच लिहितो. आणि तरी आईच्या मृत्यूबद्दल लिहून झाल्यावर वाचकांना विनंती करतो, की वेदीपाशी तिची आठवण करा, आणि पात्रिसियसचीही. माझी मजल तिथपर्यंतच. वडिलांनी मला जन्म दिला, त्याबद्दल आभार. त्यापुढे काही सुचत नाही आणि ओढूनताणून सुचवून घ्यायचं मी सोडून दिलंय.

आता मामाही नाही आणि वडीलही नाहीत. नोव्हेंबरात मृतांसाठी मिस्सा सांगते तेव्हा दोघांची नावं देते, मामाचं आधी. वाचणारा त्याच क्रमाने वाचतो आणि आत्या पुढच्या बाकावरून मागे वळून माझ्याकडे बघते. बघू दे.