वाचकांचे प्रश्न : पाणथळ जागा राखणाऱ्या गटांच्या हाती असते तरी काय?

प्रश्न : निवृत्तीनंतर पक्षीनिरीक्षणाचा नाद लागल्यामुळे मी सिरपूर तलावावर नेमाने जातो. आमच्या वसाहतीजवळच्या लहान तळ्यात मात्र भराव पडू लागला आहे. एका निसर्गप्रेमी गटाने मला सभासद होण्याविषयी विचारले आहे. अशा गटांकडे ना अधिकार, ना पैसा. मग वृक्षारोपण आणि छायाचित्रांची प्रदर्शने यांपलीकडे त्यांच्या हातून खरोखर काही होते का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : होते, आणि त्याचा दाखला आपण जाता त्याच तलावावर आहे. होळकरांच्या राजवटीत बांधलेल्या या तलावाची दुर्दशा होत असताना पद्मश्री भालू मोंढे आणि त्यांची ‘द नेचर व्हॉलंटियर्स’ ही संस्था यांनी त्याचा पाठपुरावा वर्षानुवर्षे सोडला नाही. २०२२ मध्ये सिरपूर आणि यशवंत सागर या दोन्ही जलाशयांचा रामसर यादीत, म्हणजे पाणथळ जागांच्या रक्षणासाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत, समावेश झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये इंदूर व उदयपूर ही रामसर कराराखाली ‘पाणथळ शहर’ म्हणून मान्यता मिळवणारी भारतातील पहिली शहरे ठरली. शासन आणि महापालिका यांच्या सहीशिवाय असे प्रस्ताव पुढे सरकत नाहीत, हे खरेच. पण जागेची माहिती सातत्याने गोळा करणारे कोणी नसेल, तर सही करायला कागदच तयार होत नाही.

आमच्या मते अशा गटाचे खरे बळ त्याच्या नोंदवहीत असते. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते आणि तिचे काम बहुतांशी हौशी मंडळीच करतात. शेकडो वारकरी पक्षी पाण्यावर दाटीने बसलेले असताना आधी दहा पक्षी मोजायचे, तेवढा पुंजका नजरेत धरायचा आणि त्या मापाने सारा थवा मोजत जायचा. थवा मध्येच उडाला, तर पुन्हा पहिल्यापासून. काम कंटाळवाणे आहे, आणि म्हणूनच ते करणारा गट आणि केवळ फलक घेऊन उभा राहणारा गट यांतला फरक लगेच कळतो.

आपल्या तळ्यासाठीही हेच करावे. दर महिन्याला त्याच जागी उभे राहून त्याच दिशेचे छायाचित्र घ्यावे, तारीख लिहावी, भरावाची कड कोणत्या झाडापर्यंत आली ते टिपावे आणि पटवाऱ्याकडून खसऱ्याची, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीची, नक्कल काढून जोडावी. पाणथळ जागांविषयीचे २०१७ चे नियम रामसर स्थळांना आणि शासनाने अधिसूचित केलेल्या जागांना लागू होतात. तेथे अतिक्रमण, घनकचरा टाकणे आणि प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडणे यांना मनाई आहे. आपले तळे अधिसूचित आहे की नाही, हे माहितीच्या अधिकारात विचारून घ्यावे. नसेल, तर आधी त्याच मागणीचा अर्ज करावा लागेल, आणि गटाचा उपयोग येथे सर्वांत अधिक होतो, कारण एकट्याचा अर्ज फायलीत पडून राहतो.

दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे भोपाळ खंडपीठ आहे. नुकसानभरपाई मागायची नसेल, तर अर्जाचे शुल्क एक हजार रुपये असते. मात्र वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो, आणि पुरेसे कारण दाखवल्यास फार तर साठ दिवसांची सवलत मिळते. ‘भराव कधी सुरू झाला?’ या प्रश्नाला तारखेसह उत्तर देता आले नाही, तर चांगले प्रकरणही अडखळते.

वृक्षारोपणाबद्दल आपण जरा उपरोधाने लिहिले आहे. त्यात तथ्य आहे. तळ्याच्या उथळ, उघड्या काठावर तुतवार हे लहान पाणपक्षी आणि त्यांचे भाईबंद चरतात. तेथे झाडांची रांग लावणे म्हणजे त्यांची जागा काढून घेणे होय. गटाचा तसा बेत असल्यास सभासद या नात्याने विरोध करावा.

प्रश्न : आम्ही पाच-सहा मैत्रिणी आहोत. काम सुरू करण्याआधी संस्थेची नोंदणी करावीच लागते का?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : नाही. माहितीचा अधिकार नागरिकाचा आहे, आणि न्यायाधिकरणातही बाधित व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते. देणग्या घ्यायच्या किंवा संस्थेच्या नावाने बँकेत खाते उघडायचे असेल, तेव्हा मध्य प्रदेश सोसायटी नोंदणी अधिनियम, १९७३ पाहावा. त्यासाठी किमान सात सदस्य लागतात, म्हणजे आपल्याला आणखी एक-दोघी शोधाव्या लागतील.