२० हजारांत व्हिडिओ एडिटिंगसाठी कोणता मॉनिटर घ्यावा? २७ इंच साधा की ३२ इंच कर्व्ह्ड?

लग्नांचं एडिटिंग करता असं तुम्ही लिहिलंय, आणि दुकानदार ३२ इंच, कर्व्ह्ड, १६५ हर्ट्झ (सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा), एचडीआर (उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवणारा) असलं काहीतरी गळ्यात मारतोय. नका घेऊ. २७ इंच, क्यूएचडी (म्हणजे २५६० बाय १४४० ठिपके), आयपीएस (तिरकं बघितलं तरी रंग फारसा न हलणारं पॅनेल), सपाट. उत्तर संपलं. यापुढचं खरं तर आमच्या दाजींसाठी आहे, तुम्हाला वेळ असेल तर वाचा.

सोलापुरात आमचा स्टुडिओ आहे, जुळे सोलापूरच्या बाजूला. शूटिंग दाजींचं, एडिटिंग माझं. जुना मॉनिटर बदलायची वेळ आली तेव्हा मी आयपीएस सांगितला होता, मॉडेलसुद्धा लिहून दिलं होतं. दाजी एकटेच गेले आणि टेम्पोतून ३२ इंची वाकडा घेऊन आले. म्हणाले, "गिऱ्हाईक आत आल्या आल्या काय बघतंय? स्क्रीन. मोठी दिसली पाहिजे." बहिणीचा नवरा, त्यात वयानं मोठे. मी काय बोलणार? वरून नवा नियम निघाला : कट मी मारायचे, फायनल रंग दाजी बघणार, कारण मोठा मॉनिटर त्यांच्या टेबलावर. माझा आधीचा २४ इंची आयपीएस तेवढा मी माझ्या कोपऱ्यात लावून ठेवला. "भंगारात घाल की ते," हे मला रोज ऐकावं लागायचं.

त्या सीझनला एका डाईंग मास्टरांच्या मुलीचं लग्न आमच्याकडं आलं. बाहेरच्यांसाठी सांगतो, डाईंग मास्टर म्हणजे सूत रंगवण्याच्या खात्याचा मुख्य माणूस. सोलापूरची चादर आणि टॉवेल सगळ्यांना माहीत असतात, पण त्यांचा रंग ज्याच्या डोळ्यावर चालतो तो माणूस कुणाला माहीत नसतो. पार्टीनं नमुना पाठवला की तोच शेड लॉटमागून लॉट काढून द्यायचा, जरा हलला की अख्खा माल परत. आयुष्यभर हेच काम केलेला माणूस. लग्नात मानपानाचे टॉवेल त्यांनी स्वतः रंगवलेल्या सुताचे विणून घेतले होते, डाळिंबी रंगाचे, आणि मुलीची साडीही त्याच शेडला जुळवून आणली होती. असल्या माणसाला आम्ही काय दिलं, तर विटकरी साडी.

पेन ड्राइव्ह नेल्यावर दोनचार दिवसांत मास्टर स्टुडिओत आले. आरडाओरडा नाही, काही नाही. पिशवीतून टॉवेल काढला, आधी म्हणाले, "ट्यूब बंद करा." मग तो दारात नेऊन उजेडात बघितला, परत आत येऊन स्क्रीनशेजारी धरला. दाजींच्या ३२ इंचीवर साडी झकास लाल दिसत होती. टॉवेलपेक्षाही लाल. मास्टर म्हणाले, "इथं भडक, घरी विटकरी. साडी एकच ना?" दाजी म्हणाले, "तुमच्या टीव्हीचं सेटिंग बिघडलं असेल." त्यावर मास्टर शांतपणे म्हणाले, "माझ्या टीव्हीचं, व्याह्यांच्या टीव्हीचं आणि पोरीच्या मोबाइलचं, तिन्हींचं एकदमच बिघडलं?"

मी काही बोललो नाही. फक्त माझ्या कोपऱ्यातला २४ इंची चालू केला. फायनल फाइल लावली : विटकरी. मग कॅमेऱ्यातली मूळ क्लिप लावली, रंगाला हात न लावलेली. मास्टरांनी टॉवेल शेजारी धरला आणि एवढंच म्हणाले, "हे." दाजी चहा सांगायला बाहेर गेले.

झालं काय होतं ते सांगतो, कारण तुम्हाला जो मॉनिटर विकायचा चाललाय त्याचीही जात तीच आहे. रेक ७०९ हे एचडी व्हिडिओचं प्रमाण १९९० सालचं आणि टीव्हीचं बहुतेक काम अजून त्यावरच चालतं. दाजींच्या पॅनेलचा रंगपट्टा त्याहून रुंद. सॉफ्टवेअरनं ७०९ चा साधा लाल पाठवला की हा मॉनिटर तो आपल्या पदरचा जास्तीचा लाल घालून दाखवणार. बघणाऱ्याला वाटतं साडी फारच पेटलीय, तो सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) खाली ओढतो. वर कंपनीतून आलेला मोड निळसर थंड, पांढरं निळं दिसतं, म्हणून तो सगळी फ्रेम पिवळ्याकडं ढकलतो. मेलेला लाल अधिक पिवळा म्हणजे विटकरी, दुसरं काय होणार? त्यात पॅनेल व्हीए, म्हणजे आयपीएसपेक्षा वेगळ्या जातीचं. व्हीएचा काळा सुंदर असतो हे मान्य, कॉन्ट्रास्ट ३०००:१ च्या आसपास, आयपीएसचा साधारण १०००:१. पण नजर जरा तिरकी झाली की शेड हलतो, आणि ३२ इंच समोर दोन फुटांवर ठेवला की कडा तिरक्याच दिसतात. नवरी मधे असताना एक रंग, कडेला गेली की दुसरा.

मास्टरांनी नंतर मला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांच्या खात्यात बोलावलं. माझ्या या धंद्यातला सगळ्यात उपयोगाचा तास तिथं गेला. कोपऱ्यात एक लाइट बॉक्स असतो, आतून राखाडी, वर वेगवेगळे दिवे, बाहेर बटणं. सुताचे दोन तुकडे आत ठेवले, डी६५ दाबलं, दोन्ही एक. टीएल८४ दाबलं, म्हणजे दुकानातल्या ट्यूबसारखा उजेड, दोन्ही वेगळे! मास्टर म्हणाले, "पार्टीशी आधी दिवा ठरवायचा, मग शेडवर भांडायचं." हा डी६५ म्हणजे ठरवून घेतलेला दिवसाचा उजेड, साधारण ६५०० केल्व्हिन. मॉनिटरच्या मेनूत जे ६५०० के दिसतं ना, ते तेच. रेक ७०९ चा पांढराही डी६५ च. चादरवाला आणि व्हिडिओवाला एकाच दिव्याखाली बसलेत, हे मला यूट्यूबवरच्या एकाही बाबानं सांगितलं नव्हतं.

आता तुमच्या कामाचं. मॉनिटरच्या मेनूत एसआरजीबी मोड (कॉम्प्युटरच्या रंगांचं नेहमीचं प्रमाण) आहे का ते आधी बघा. एसआरजीबी आणि ७०९ चे मूळ लाल-हिरवा-निळा एकच आहेत, फरक गॅमाचा, म्हणजे मधल्या छटा किती उजळ दाखवायच्या त्याचा. हा मोड रुंद पॅनेललाही वेसण घालतो. काही मॉनिटरमध्ये या मोडला ब्राइटनेस अडकून बसतो, तेवढं दुकानातच तपासा. मॉनिटरच्या रंगांची प्रोफाइल (रंग दुरुस्तीची फाइल) बनवून विंडोजमध्ये टाकली की काम झालं असं समजू नका, व्हिडिओ प्लेअर बऱ्याचदा तिच्याकडं ढुंकूनही बघत नाही. आसुसच्या प्रोआर्टमधले २४ आणि २७ इंची, डेलचे अल्ट्राशार्प, असले बघा. २० हजारांत नवा २७ बसला नाही तर २४ घ्या, पण आयपीएसच घ्या. २४ इंचीत फुल एचडी चालतं, २७ ला तेच ताणल्यासारखं दिसतं. फोरके हवाच असेल तर केबल बघा, जुन्या एचडीएमआय १.४ वर फोरके ३० हर्ट्झलाच चालतं आणि माउससुद्धा अडखळतो.

१६५ हर्ट्झ, १ मिलिसेकंद वगैरे गेम खेळणाऱ्या पोरांसाठी. आपण २५ एफपीएसला (सेकंदाला २५ फ्रेम) शूट करतो, ६० हर्ट्झवर ते जरा अडखळतच दिसतं, मॉनिटर ५० हर्ट्झला जात असेल तर तसा लावा. ४०० निट्सवर (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) एचडीआरचं स्टिकर लावलेलं असतं त्याच्याकडं दुर्लक्ष करा. उलट आपल्याला ब्राइटनेस १०० ते १२० निट्सपर्यंत खाली आणायचाय. डोळे फुटेपर्यंत उजेड ठेवून काम केलं की फिल्म लोकांच्या घरी अंधारी दिसते.

दुकानात जाताना स्वतःची क्लिप न्या. माझ्याकडं गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेतली आहे, संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्याची. पांढऱ्या बाराबंदीतली (बंद बांधायचा अंगरखा) हजारो माणसं, वर जानेवारीचं स्वच्छ ऊन, मधे नंदीध्वजांच्या उंच काठ्या. पांढऱ्याला निळी झाक आहे का पिवळी, ते अशा क्लिपवर लगेच कळतं. दुकानदाराची डेमो क्लिप म्हणजे पोपट, फळं आणि समुद्र. पोपट कुणी जवळून बघितलाय?

आणि खोली. आमच्याकडं भिंत पोपटी होती (दाजींची आवड), पाठीमागं पश्चिमेची खिडकी. एप्रिल-मेत ४२-४३ तापमानात त्या खिडकीतून जे ऊन येतं त्यात कुठलाही मॉनिटर पांढराफटक पडतो. मी भिंत राखाडी करून घेतली आणि खिडकीच्या पडद्यामागं जाड सोलापुरी चादर टांगली. हे दोन्ही मिळून एका केबलच्या किमतीत झालं असेल, फरक मात्र मॉनिटर बदलल्यासारखा पडला.

आता दाजींचं नेहमीचं वाक्य : "गिऱ्हाईक मोबाइलवर बघतंय, तुझा डी६५ कुणाला पाहिजे?" दाजी, लेखी उत्तर देतो. एक मोबाइल निळा, दुसरा पिवळा, तिसरा भडक. आपण मधोमध राहिलो तर प्रत्येकाकडं थोडंसंच चुकतं. आपणच एका टोकाला जाऊन बसलो तर निम्म्या पाहुण्यांकडं दुप्पट चुकतं. मोबाइल बिघडलेले असतात, म्हणूनच मॉनिटर सरळ लागतो. मास्टर पार्टीला असं म्हणाले असते का, की तुमच्या दुकानातली ट्यूब वाकडीय, मी कसाही रंगवतो?

एक-दोन गोष्टी राहिल्या. तुम्ही फक्त रील्स करत असाल तर एवढं डोकं लावू नका, साधा आयपीएस घ्या आणि शेवटी दोन वेगळ्या फोनवर बघून सोडून द्या. व्हीए सगळेच टाकाऊ नसतात, एसआरजीबी मोड असलेला सपाट व्हीए अंधाऱ्या खोलीत बरा चालतो. आयपीएसमध्ये अंधाऱ्या फ्रेमला कोपरे उजळतात, वरातीच्या रात्रीच्या शॉटला ते दिसेल, तेव्हा गोंधळू नका. कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजून सरळ करायचं यंत्र) एकट्यानं घेणं महाग पडतं, गावातल्या चार स्टुडिओंनी वर्गणी काढून एक घ्यावा. आमच्याकडं ही कल्पना मी मांडली तेव्हा ती कुणी हाणून पाडली ते लिहीत नाही.

आणि वाकडा ३२ आधीच घेऊन बसला असाल तर विकू नका, तोट्यात जाल. त्यावर टाइमलाइन आणि बिनं (क्लिपांचे फोल्डर) ठेवा, लांबलचक टाइमलाइनला तो खरंच छान आहे. शेजारी २४ चा आयपीएस लावा आणि रंग त्याच्यावरच बघा. आमच्याकडं सध्या असंच चालतं. टेबल अजून दाजींचंच आहे.