जमा चिठ्ठीवरची तारीख आणि हातातले पाच आठवडे

प्रश्न : (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ) 2023 च्या धनत्रयोदशीला वडिलांसाठी 950 रुपयांचा छोटा एमपीथ्री प्लेअर घेतला. पैसे यूपीआयने दिले, पक्कं बिल घेतलं नाही. एक वर्षाची वॉरंटी सांगितली होती. जून 2024 मध्ये तो चार्ज होईना, म्हणून दुकानात जमा केला. आत मेमरी कार्ड होतं. त्यात वडिलांनी गायलेली भजनं आहेत आणि लकवा मारल्यापासून त्यांना गाता येत नाही. दुकानदार दीड वर्ष फिरवत राहिला. आता म्हणतो, वॉरंटी संपली, कार्ड त्यात नव्हतंच, आणि जास्त ताणलं तर चोरीची गाणी ठेवल्याची केस तुमच्यावरच लागेल. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली आहे, नंबर मिळाला आहे. 950 रुपयांसाठी पुढे जावं का?

उत्तर :

भाऊ, पुढे जावं की नाही हे नंतर पाहू. आधी तो नंबर. हेल्पलाइनच्या 1915 वर फोन केला, मोबाइलवर तक्रारीचा नंबर आला, आणि तुम्ही सव्वा वर्ष निर्धास्त बसलात. तो नंबर म्हणजे केस नाही. हेल्पलाइन दुकानदाराला किंवा कंपनीला तुमचं म्हणणं कळवते, मिटलं तर मिटवते. न्याय करायचा अधिकार तिला नाही आणि तिथे तक्रार केल्याने कायद्याची मुदत थांबत नाही. ट्रॅक्टरची बॅटरी, फवारणी पंप, मिक्सर, मोबाइल, वस्तू कोणतीही असो, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पत्रांत हाच घोळ असतो. नंबर मिळाला की माणूस निवांत होतो आणि मुदत आपली सरत राहते.

तुमच्या प्रकरणाचा सगळा निकाल ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 वर आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. दुकानदाराने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी ग्राहक आयोगाला, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचा निकाल देणाऱ्या न्यायमंचाला, तो स्वतःहून तपासावा लागतो. 2009 मध्ये स्टेट बँक विरुद्ध बी. एस. अ‍ॅग्रिकल्चरल इंडस्ट्रीज या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, तेव्हाच्या जुन्या ग्राहक कायद्याच्या कलम 24-अ खाली, हे स्पष्ट सांगितलेलं आहे. म्हणजे तुमची बाजू कितीही खरी असली तरी उशीर झाला तर ती ऐकलीच जाणार नाही.

मग दोन वर्षं कुठून मोजायची? तुम्ही मनात डिसेंबर 2025 धरलेला दिसतो, कारण दुकानदाराने साफ हात वर केले ते तेव्हा. तसा युक्तिवाद करता येतो आणि मी तो करीनही. पण त्याच्या भरवशावर थांबू नका. त्याच 2009 सालचा कंदीमल्ला राघवय्या यांचा निकाल आहे. त्यांच्या तंबाखूच्या साठ्याला 1988 मध्ये आग लागली आणि विम्याची तक्रार गेली 1997 मध्ये. मधल्या काळातल्या पत्रांनी आणि नोटिशींनी मुदत वाढते हे न्यायालयाने मानलं नाही. मुदत आगीपासूनच मोजली. तुमचा दुकानदार म्हणत राहिला, ‘कंपनीत धाडलं हाय भाऊ, पोया झाल्यावर या.’ पोळा झाला, दिवाळी झाली, कापूस घरात आला, विकूनही झाला. त्याच्या त्या तोंडी वायद्यांनी तुमच्या मुदतीत एका दिवसाचीही भर पडलेली नाही.

म्हणून तारीख धरायची ती प्लेअर बिघडल्याची. तुम्ही फोटो पाठवलेली चिठ्ठी मी मोठी करून पाहिली. खताच्या कंपनीच्या कॅलेंडरचा फाडलेला तुकडा, मागे निळ्या बॉलपेनने लिहिलं आहे : ‘11/6/24, गाण्याची डबी 1, कार्डासकट, चार्ज होत नाही’, आणि खाली दुकानदाराची सही. घडीवर शाई पुसट झाली आहे. बिघाड त्याच्या तीन-चार दिवस आधीचा, असं तुम्ही लिहिता. म्हणजे सगळ्यांत कडक हिशेबाने 7 किंवा 8 जून 2026 ला दोन वर्षं भरतात. आज एप्रिलचा तिसरा आठवडा आहे. माझ्या मते 25 मे च्या पुढे जाऊ नका. पोर्टल बंद पडतं, नोटरी लग्नाला गेलेला असतो, कागद अपुरा म्हणून तक्रार परत येते. हे सगळं शेवटच्या आठवड्यातच घडतं.

उशीर माफ करायची तरतूद त्याच कलमात आहे. पुरेसं कारण दाखवावं लागतं आणि आयोगाला ते लेखी नोंदवावं लागतं. वडिलांच्या आजारपणाचे दवाखान्याचे कागद त्या कामी येतील, कदाचित. पण मुदत हातात असताना माफीच्या अर्जावर विसंबणं शहाणपणाचं नाही. आणि करोनाकाळातली सूट अजून चालते का, असं जे विचारतात त्यांनाही इथेच सांगतो : ती 28 फेब्रुवारी 2022 ला संपली.

आता वॉरंटी. प्लेअर 10 नोव्हेंबर 2023 ला घेतला आणि 11 जून 2024 ला दुकानदाराच्या हातात दिला. वर्ष भरायला तेव्हा पाच महिने बाकी होते. वस्तू त्याच्या ताब्यात असताना वर्ष उलटलं, त्याचा भुर्दंड तुम्हाला नाही. अडचण वेगळीच आहे. वॉरंटी एक वर्षाची होती हे दाखवणार कशावरून? खोकं तुम्ही फेकलंत, वॉरंटीचा कागद त्यातच गेला, बिल घेतलं नाही. ‘पक्कं बिल घेतलं तर जास्त पडतील’ असं तो म्हणाला आणि तुम्ही मान डोलावलीत. वाचवलेल्या त्या चार पैशांपायी आज हे सगळं उकरत बसावं लागतंय. मला याचा खरंच राग येतो, कारण हे टाळता येण्यासारखं होतं.

तरी दार बंद झालेलं नाही. बिल न देणं हीच कलम 2(47) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे, तक्रारीत तो मुद्दा वेगळा घ्या. बँकेत जाऊन पासबुक भरून आणा, त्या दिवशीची 950 ची नोंद तारखेसकट मिळेल. यूपीआयच्या व्यवहाराचा स्क्रीनशॉटही जोडा, त्यात दुकानाचं नाव दिसतं. आणि तेच मॉडेल दारव्ह्यात किंवा यवतमाळला कुठे विकायला असेल तर खोक्याच्या मागच्या बाजूचा फोटो काढा. वेष्टनबंद वस्तूंच्या 2011 च्या नियमांप्रमाणे उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव, पत्ता, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क खोक्यावर छापावाच लागतो. वॉरंटीही बहुधा तिथेच असते. आतल्या लिथियम बॅटरीला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. तो शिक्का कुठेच नसेल तर तेही लिहा. आयातदार सापडला तर त्याला दुसरा विरुद्ध पक्ष करा. नाही सापडला तर एकटा दुकानदार पुरे, पैसे त्याने घेतले आणि वस्तूही त्याच्याकडेच आहे. कंपनी दिल्लीची आहे म्हणून घाबरू नका. 2019 च्या कायद्याने ग्राहक राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. तुमचं ठिकाण यवतमाळ.

तुमचा पुतण्या म्हणतो तो ‘उत्पादन दायित्वा’चा दावा सोडून द्या. ते प्रकरण वस्तूमुळे माणसाला किंवा दुसऱ्या मालमत्तेला इजा झाली तर लागू होतं. वस्तू स्वतःच बिघडली तर ते नुकसान कायद्याने त्यातून वगळलेलं आहे. साधी सदोष वस्तूची आणि सेवेतल्या कसुरीची तक्रार करा.

पत्र वाचल्यावर मला कळलं की तुमचा जीव प्लेअरमध्ये नाही, कार्डात आहे. वडील जागलीला जाताना तो बनियनच्या खिशात ठेवायचे, रानडुकरांच्या भीतीने रात्रभर मचाणावर राष्ट्रसंतांची भजनं चालू असायची, आणि त्यातली काही त्यांच्याच आवाजातली, खंजिरीवर, गावच्या सप्ताहात तुमच्या फोनवर घेतलेली. तो फोन आता नाही. तेव्हा चिठ्ठीवरचा ‘कार्डासकट’ हा शब्द तुमच्याकडचा सगळ्यांत मोलाचा पुरावा आहे. दुकानदाराने स्वतःच्या हाताने लिहून खाली सही केली आहे, त्यामुळे ‘कार्ड नव्हतंच’ हे त्याचं म्हणणं टिकणं अवघड. ती चिठ्ठी आजच प्लास्टिकच्या पाकिटात घाला, रंगीत झेरॉक्स काढा, आणि मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका. दुकानदार ‘पाहू बरं’ म्हणाला तरीही नाही.

कार्डाला दुसरा कायदाही लागतो. दुरुस्तीसाठी वस्तू सोपवणं म्हणजे भारतीय करार कायदा, 1872 प्रमाणे निक्षेप. ज्याच्याकडे सोपवली त्याने ती सांभाळायची आणि काम झाल्यावर परत द्यायची. ती परत मिळवण्याचा दिवाणी दावा करायचा तर मुदत कायद्याच्या अनुच्छेद 70 प्रमाणे मागणी केल्यावर नकार मिळाल्यापासून तीन वर्षं मिळतात. म्हणजे प्लेअरची मुदत जूनमध्ये संपत आली असली तरी कार्डाची वेगळी, लांबची मुदत आहे. दिवाणी न्यायालयाचा रस्ता मी तुम्हाला आधी सुचवणार नाही, तिथे नातवंडं मोठी होतात. पण लेखी मागणी आताच करून ठेवा, म्हणजे नकाराची तारीख कागदावर येईल.

ती मागणी तक्रारीआधी दुकानदाराला पाठवायच्या नोटिशीतच करा. एका पानाची, साध्या मराठीत : अमुक तारखेला घेतलं, अमुक तारखेला जमा केलं, कार्ड जसं दिलं तसं परत द्या, त्यावर नवीन गाणी भरू नका, प्लेअर बदलून द्या किंवा 950 रुपये परत करा, पंधरा दिवसांत. ‘नवीन गाणी भरू नका’ हे जरूर लिहा. पुसलेलं रेकॉर्डिंग जाणकाराला कधीकधी परत काढता येतं, पण त्या जागेवर दुसरं काही भरलं की ते गेलं. रजिस्टर पोस्ट 1 सप्टेंबर 2025 पासून स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा स्पीड पोस्टाने, पोच मिळेल अशा पद्धतीने पाठवा. ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आली तर पाकीट न फोडता जपून ठेवा. पंधरा दिवस संपले की लगेच तक्रार. उत्तर आलं, बोलणी सुरू झाली, तरी थांबायचं नाही. आणि तोवर भजन मंडळातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये शोधा, त्या सप्ताहाचं एखादं रेकॉर्डिंग कुणीतरी ग्रुपवर टाकलेलं असू शकतं.

चोरीच्या गाण्यांच्या धमकीने तुमची झोप गेली आहे असं लिहिलंत. वडिलांनी गायलेलं रेकॉर्डिंग हे कुणाची चोरी नाही. राहिली सिनेमाची गाणी, ती वीस-तीस रुपये घेऊन याच दुकानाने भरून दिली होती ना? कॉपीराइट कायद्याचं कलम 63 जाणूनबुजून उल्लंघन करणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड सांगतं. पैसे घेऊन कॉप्या करून देणारा त्याच्या तावडीत आधी सापडतो. घरी ऐकणाऱ्यावर एवढ्याशा कारणाने केस झालेली माझ्या पाहण्यात नाही. ही धमकी त्याने पुन्हा दिली तर तारीख आणि शब्द लिहून ठेवा, तक्रारीत उपयोगी पडतील.

950 रुपयांसाठी जावं का, तर हो, जा. जिल्हा आयोगाला वरची मर्यादा पन्नास लाखांची आहे, खालची नाहीच. पाच लाखांपर्यंत फी शून्य. वकील लागत नाही, मला लावू नका. तक्रार ई-जागृती पोर्टलवर टाकता येते, सोबत प्रतिज्ञापत्र लागतं, आणि सुनावणी व्हिडिओवर व्हावी असा अर्ज करता येतो, म्हणजे दर तारखेला यवतमाळची खेप आणि बुडालेली मजुरी वाचेल. वडिलांनाही तक्रारदार करा. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहकच असतो.

किती मिळेल आणि कधी, हे मी सांगणार नाही. कायदा म्हणतो, समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल. प्रत्यक्षात सदस्यांच्या जागा रिकाम्या राहतात, तारखा पडत जातात. या रिकाम्या जागांची दखल 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली होती. साडेनऊशे रुपयांच्या तक्रारीला वर्ष-दीड वर्ष लागणं ही लाजिरवाणी गोष्ट आहे आणि ती तुम्हाला सोसावी लागेल. मात्र समोरच्याला उत्तरासाठी तीस आणि वाढवून पंधरा, असे पंचेचाळीसच दिवस मिळतात. त्यावर एकही दिवस नाही, असा 2020 चा घटनापीठाचा निकाल आहे. त्याने सेहेचाळिसाव्या दिवशी उत्तर आणलं तर हरकत घ्यायला विसरू नका.

आयोगाची नोटीस पोचली की दुकानदार बहुधा तुमच्या घरी येईल, नवा प्लेअर देतो म्हणेल, केस मागे घ्या म्हणेल. आधी कार्ड मागा. ते तिथेच फोनमध्ये घालून वडिलांना ऐकवा. मगच तडजोडीच्या कागदावर सही करा, आणि तो कागद आयोगापुढे दाखल होईपर्यंत तक्रार मागे घेऊ नका.