परवानगी आहे, तरी नोटीस का आली?

प्रश्न : पश्चिम महाराष्ट्रातल्या एका महापालिकेच्या हद्दीत, गावठाणाबाहेर, 180 चौरस मीटरच्या प्लॉटवर आम्ही घर बांधतो आहोत. 2023 मध्ये तळमजला अधिक एक मजला अशी परवानगी मिळाली. मंजूर चटईक्षेत्र 165 चौ.मी. आहे. दोन्ही स्लॅब पडले. मध्यंतरी ठेकेदाराच्या सांगण्यावरून बाजूच्या मोकळ्या जागेत दोन फुटांची गॅलरी काढली, पार्किंगला भिंती घालून मुलाच्या क्लिनिकसाठी खोली केली आणि गच्चीवर जिन्याला लागून साधारण 14 चौ.मी.ची खोली चढवली. शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि आठवड्यापूर्वी महापालिकेची नोटीस आली : कलम 53(1) खाली 24 तासांत बांधकाम काढून टाका. आमचा इंजिनिअर म्हणतो, जोत्याची (पायावरच्या चौथऱ्याची) तपासणी हल्ली कोणी करून घेत नाही. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, शास्ती (दंड) भरा, सगळं नियमित होईल. बँकेने शेवटचा हप्ता अडवला आहे. सगळं घर पाडावं लागेल का?

उत्तर : सगळं घर पाडावं लागणार नाही. गॅलरी मात्र बहुधा जाईल, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. आणि आजपासून काम थांबवा. नोटीस हातात असताना प्लास्टर चालू ठेवलंत, तर काम थांबवण्याचा कलम 54 चा वेगळा आदेश येतो आणि मग तुमची बाजू मांडणं माझ्यासारख्या वकिलालाही जड जातं.

आता नोटीस नीट वाचू. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 53 मध्ये दोन वाटा आहेत. परवानगीच न घेता बांधलं किंवा परवानगी रद्द झाल्यावर बांधलं, तर 53(1) आणि 24 तास. परवानगी घेतली पण तिच्या अटी मोडल्या, नकाशा सोडून बांधलं, तर 53(1-अ) आणि किमान एक महिना. तुमच्याकडे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आहे, म्हणजे तुम्ही दुसऱ्या वाटेवरचे. गच्चीवरच्या खोलीबद्दल ‘ही तर परवानगीत नव्हतीच’ असं महापालिका म्हणू शकते आणि त्यात थोडं तथ्यही आहे. पण गॅलरी आणि पार्किंग हे उघडउघड मंजूर बांधकामातले बदल आहेत. उत्तरात हा मुद्दा पहिल्याच परिच्छेदात यायला हवा.

24 तास केव्हाच उलटले, म्हणून हातपाय गाळू नका. सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024 च्या निकालात, ज्याला वर्तमानपत्रांनी ‘बुलडोझर निकाल’ म्हटलं, देशभरासाठी निर्देश दिले : कारणे दाखवा नोटिशीशिवाय पाडकाम नाही, आणि उत्तराची मुदत स्थानिक कायद्यातली किंवा नोटीस मिळाल्यापासून 15 दिवस, यांपैकी जी नंतर संपेल ती. नोटीस रजिस्टर पोस्टाने आली पाहिजे, बांधकामावरही डकवली पाहिजे, आणि व्यक्तिशः म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे. रस्ता, फूटपाथ, रेल्वेमार्ग, नदी अशा ठिकाणच्या अतिक्रमणांना हे संरक्षण नाही. तुमची जागा खासगी मालकीची आहे, त्यामुळे तुम्हाला ते मिळतं. नोटिशीचा लखोटा जपून ठेवा. त्यावरचा पोस्टाचा शिक्का हा तुमच्या मुदतीचा पुरावा आहे.

दिवाणी कोर्टात जाऊन स्टे आणा, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. नगररचना अधिनियमाच्या कलम 149 ने ती वाट बंद केली आहे. कायद्यानेच ठेवलेली वाट कलम 53(3) ची आहे : नोटिशीच्या मुदतीत कलम 44 खाली अर्ज करून ‘हे बांधकाम राहू द्या’ अशी परवानगी मागायची. अर्जाचा निकाल लागेपर्यंत नुसत्या नोटिशीच्या जोरावर बांधकाम हटवता येत नाही. शिवाय या अर्जावर अंशतः मंजुरी मिळू शकते. जेवढ्याला परवानगी मिळाली तेवढ्यापुरती नोटीस गळून पडते, उरलेल्यापुरती राहते. तुमची सगळी मदार या तरतुदीवर आहे. म्हणून तिन्ही बदल एका गाठोड्यात बांधून ‘दंड घ्या आणि सोडा’ असा अर्ज करू नका. वेगवेगळे मांडा.

गच्चीवरची खोली वाचण्यासारखी आहे. एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे, म्हणजे डिसेंबर 2020 पासून मुंबई आणि काही अपवाद सोडून राज्यभर लागू असलेल्या यूडीसीपीआरप्रमाणे, दाट वस्तीबाहेर मूळ चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण, 1.10 आहे. 180 ला 1.10 ने गुणलं की 198 चौ.मी. होतात. मंजूर 165. म्हणजे अधिमूल्य भरून मिळणारं ज्यादा चटईक्षेत्र न घेताही तुमच्याकडे 33 चौ.मी. शिल्लक आहेत. सुधारित नकाशात ती खोली दाखवा, सोबत स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला जोडा. तळमजला अधिक एक या हिशेबाने टाकलेल्या पायावर आणि कॉलमवर जादा भार आला आहे. तो दाखला आला नाही तर खोली नियमात बसत असूनही मी ती ठेवायला सांगणार नाही.

पार्किंगच्या भिंती काढा. वाहनतळाची जागा प्लॉटमध्ये दुसरीकडे नियमाप्रमाणे दाखवता आली तर गोष्ट वेगळी, पण 180 चौ.मी.च्या प्लॉटवर ती सहसा निघत नाही. क्लिनिकसाठी दुसरी खोली द्या. मात्र निवासी इमारतीतला तो वापरही सुधारित नकाशात दाखवायला विसरू नका.

गॅलरी सामासिक अंतरात, म्हणजे इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेत आहे. चटईक्षेत्र पैसे भरून विकत मिळतं, सामासिक अंतर तसं मिळत नाही. ते अंतर हवा-उजेडासाठी आणि आग लागली तर माणूस शिरावा म्हणून ठेवलेलं असतं, आणि त्यात शेजाऱ्याचाही स्वार्थ असतो. विशेष अडचण दाखवून आयुक्तांकडे सवलत मागता येते, पण ‘ठेकेदार म्हणाला म्हणून’ ही अडचण होत नाही. तरीही हातोडा घालण्यापूर्वी एक करा : भूमी अभिलेखकडच्या मोजणीची क-प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा नकाशा, काढून तिच्यावर अंतर तपासा. शेजाऱ्याचं कुंपणच तुमच्या हद्दीत आलेलं निघाल्याची उदाहरणं आहेत. हद्द तुमच्या बाजूने निघाली नाही, तर गॅलरी स्वतः पाडा, फोटो काढा आणि अर्जाला जोडा. महापालिकेने पाडलं तर खर्चही तुमच्याकडूनच वसूल होतो. शिवाय स्वतःहून पाडणाऱ्याच्या बाकीच्या मागण्यांकडे अधिकारी वेगळ्या नजरेने बघतात.

अर्ज नामंजूर झाला तर कलम 47 खाली 40 दिवसांत राज्य शासनाकडे अपील आहे.

जोत्याबद्दल. तुमच्या इंजिनिअरने तुमचं सगळ्यात मोठं नुकसान इथे केलं आहे. जोत्यापर्यंत काम आलं की परवानाधारक इंजिनिअरने किंवा आर्किटेक्टने ‘नकाशाप्रमाणे आहे’ असं प्रमाणित करून महापालिकेला कळवायचं आणि मगच पुढे जायचं, असा नियम आहे. अधिकारी सगळ्या जागी येत नाहीत, निवडक प्रकरणं पाहतात. ‘कोणी करून घेत नाही’ ही समजूत त्यातून पसरली. पण कळवण्याची जबाबदारी त्यामुळे संपत नाही. या कागदाचा तुम्हाला आणखी एक उपयोग होता. कलम 48 प्रमाणे प्रारंभ प्रमाणपत्र एक वर्ष चालतं आणि पुढे जास्तीत जास्त तीन वर्षं वाढवून मिळतं. मुदतीत काम ‘सुरू’ झालेलं असेल तर नियमावलीप्रमाणे नूतनीकरणाची गरज राहत नाही, आणि सुरू म्हणजे जोत्यापर्यंत. जोत्याची सूचनाच दिली नसेल तर काम मुदतीत तिथवर आलं होतं हे आता सिद्ध कशाने करणार? सिमेंट-सळईची बिलं, बँकेच्या हप्त्यांसाठी झालेले व्हॅल्युअरचे पाहणी अहवाल, तारखेसह फोटो गोळा करा. बँकेच्या पॅनेलवरच्या व्हॅल्युअरचा अहवाल सर्वांत उपयोगी, कारण तो तुमच्या बाजूच्या माणसाने लिहिलेला नसतो.

‘शास्ती भरली की नियमित’ ही निव्वळ थाप आहे. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 267-अ खालची शास्ती ही मालमत्ता कराच्या जोडीला, दरवर्षी, बांधकाम अनधिकृत राहील तोवर लागणारी रक्कम आहे. ती भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही. पिंपरी-चिंचवडकरांना विचारा, तिथे शास्तीवर कितीतरी निवडणुका लढल्या गेल्या. तसंच नगररचना अधिनियमाच्या कलम 143 खालचं प्रशमन शुल्क. ते भरून तुम्ही कलम 52 चा फौजदारी खटला टाळता, ज्यात एक महिना ते तीन वर्षं कैद आहे. गॅलरी त्याने वाचत नाही. ‘1,500 चौरस फुटांपर्यंत परवानगीच लागत नाही’ हा मेसेजही तुमच्यापर्यंत आला असेल. ती सोय 150 चौ.मी.पर्यंतच्या प्लॉटसाठी आहे, आणि तिथेही नियमात बसणारा नकाशा शुल्कासह दाखल केल्याची पावती हीच परवानगी धरली जाते. नकाशा सुटत नाही.

बँकेशी भांडू नका. 17 डिसेंबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बँकांना सांगितलं आहे की इमारत तारण घेताना पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पाहूनच कर्ज द्या. वीज-पाण्याची जोडणीही त्यानंतरच. तुमच्या बँकेने त्याचा अर्थ जरा ताणला असेल, पण कलम 44 च्या अर्जाची पोच आणि सुधारित नकाशा घेऊन शाखा व्यवस्थापकाला भेटलात तर हप्ता निदान ‘नाकारला’ऐवजी ‘प्रलंबित’ राहतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत राहायला जाऊ नका. वास्तुशांतीचा मुहूर्त काढला असेल तर पुढे ढकला.

राहिला इंजिनिअर आणि ठेकेदार. स्वतःच्या प्लॉटवरचं स्वतःचं घर महारेराच्या कक्षेत येत नाही, तिकडे वेळ घालवू नका. घरबांधणी ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली सेवा आहे. दिलेला मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात जाता येतं, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. इंजिनिअरचा परवाना महापालिकेकडून निलंबित होऊ शकतो, त्यासाठी वेगळा अर्ज. पण क्रम लक्षात घ्या : आधी दुसरा परवानाधारक इंजिनिअर नेमून तसं महापालिकेला लेखी कळवा, जुन्याकडून मूळ नकाशे, स्ट्रक्चरल ड्रॉइंग आणि ऑनलाइन फाइलचा क्रमांक ताब्यात घ्या, आणि हे सगळं हातात आल्यावरच त्याला नोटीस पाठवा. आधी नोटीस पाठवलीत तर कागद मिळायचे नाहीत.