पुराची रेघ पुसायची का?

प्रश्न: सांगलीच्या गावभागात आमचं आजोबांनी 1956 साली बांधलेलं घर आहे. मातीत रचलेल्या विटांच्या भिंती, वर माळा, मंगलोरी कौलं. आई गेल्यापासून ते बंदच आहे. आम्ही दोघी बहिणी पुण्यात असतो. दिवाळीनंतर घर विकायचं ठरलंय. एजंट म्हणतो, "आतून-बाहेरून रंग मारा, 2019 च्या पुराची रेघ झाका. तपासणीत पैसे घालू नका, ते घेणाऱ्यानं बघायचं." आम्ही काय करावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर: ताई, रंगाऱ्याला अजून ॲडव्हान्स दिला नसेल तर देऊ नका.

आमचंही घर गावभागातच होतं. 2005 च्या पुरानंतर वर्षभरानं ते विकायला काढलं आणि जन्मभर बांधकामावर राबलेल्या मी नेमका हाच शहाणपणा केला. भिंत वरून कोरडी वाटत होती, म्हणून छानपैकी प्लास्टिक पेंट मारून घेतला. गिऱ्हाईक विसार देऊन गेलं. दोन महिन्यांनी पुन्हा बघायला आलं, तर कमरेच्या उंचीवर रंगाला पापडासारखे फुगे आलेले. तो माणूस भिंतीकडं कमी आणि माझ्याकडंच जास्त बघत होता. किंमत मी न मागताच उतरवली.

मातीतली भिंत पाणी पटकन पिते आणि फार सावकाश सोडते. पाण्याबरोबर क्षार बाहेर येतात, त्यालाच आपण लोणा लागला म्हणतो. वरून सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिक पेंट चढवला की ओल आत कोंडते आणि भिंतीत आणखी वर चढते. तेव्हा जिथं चुन्याचा गिलावा आहे तिथं डागडुजीही चुन्यानंच करा.

राहिली रेघ. 2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी 45 फूट. हे सांगलीतलं शेंबडं पोरगंही सांगेल, मग लपवायचं कुणापासून? आणि "घेणाऱ्यानं बघायचं" हे अर्धंच खरं. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं 55 वं कलम म्हणतं, की जो मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि नेहमीची काळजी घेऊन बघितलं तरी घेणाऱ्याला दिसणार नाही, तो विकणाऱ्यानं सांगायलाच हवा. भिंतीवरची रेघ ज्याची त्याला दिसते. ती रंगवून झाकली की मात्र तुम्ही स्वतःच न दिसणारा दोष तयार करता.

तपासणी करून घ्याच, पण माणूस बघून. हातोडीसारखं यंत्र घेऊन काँक्रीटची ताकद मोजणारे पुष्कळ मिळतील. तुमच्या घरात काँक्रीट आहेच किती? जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीत हात मळलेला इंजिनिअर शोधा. फी आधी ठरवा आणि अहवाल सहीनिशी, फोटोंसकट घ्या. तोंडी "घर ठणठणीत आहे" याला बाजारात किंमत नाही.

पाऊस चालू आहे हे एका परीनं बरंच झालं. भर पावसात माळ्यावर चढा, दिवा बंद करा. कौलांतून उजेड दिसेल तिथून पाणी येणार. मग तुळया बघा. मधे ठोकून उपयोग नाही, वाळवी आणि कूज लागते ती तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथं. तिथं दाभण खुपसून बघायचं. सागवान असेल तर हाताला लागतं, पोखरलेलं असेल तर दाभण लोण्यात गेल्यासारखं जातं.

भेगांना लोक उगाच घाबरतात. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळं खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग जाणं नवं नाही. ती जुनी, थांबलेली आहे की अजून चालू, एवढंच कळायला हवं. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी ठेवा, दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसनं चिकटवा, शेजारी पेन्सिलीनं तारीख लिहा. भिंत हलली तर काच तडकते. दिवाळीपर्यंत शाबूत राहिली तर त्या पट्टीचा फोटो अहवालाला जोडा, गिऱ्हाईकाला शंभर शब्दांपेक्षा तो पटतो.

वायरिंग लाकडी पट्टीवरचं आणि पुरात भिजलेलं असेल तर तपासत बसू नका, बदलाच. कौलं, गळती, नळ हेही करून घ्या. तुळई बदलण्याच्या भानगडीत मात्र पडू नका, खर्चाचा अंदाज लिहून घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून सोडा. घेणारा घर पाडणार असेल तर तुमची नवी तुळई भंगारातच जाणार.

पाडणाराच भेटला तर तो पहिलं पूररेषेचं विचारेल. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणारा. तुमची जागा या रेषांच्या आत येते की बाहेर ते महापालिकेच्या नगररचना विभागातून आधीच काढून ठेवा. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) अजून आजोबांचंच नाव असेल तर वारसनोंदीला आजच हात घाला. माझ्या अनुभवात व्यवहार वाळवीपेक्षा तिथंच जास्त अडकतात.

आणि शेजारी कुणाकडं तरी किल्ली ठेवा. उघडीप मिळेल त्या दिवशी दोन तास खिडक्या उघडून ठेवायला सांगा. बंद घराचा कुबट वास दारातच नाकात शिरतो, त्यावर कुठलाच रंग चालत नाही.