मशीनला लागणारे नट-बोल्ट ८४६६ मध्ये का बसत नाहीत

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. भोसरीत सीएनसी मशीन जोडणीचा छोटा कारखाना आहे. तैवानहून एकाच इनव्हॉइसवर ॲलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खाच असलेले), नट, लॉक वायसर, सर्क्लिप (खाचेत अडकवायची रिंग), पॉप रिव्हेट, थोडे पितळी नट आणि दोन बॉलस्क्रू येतात. सीएचए, म्हणजे कस्टममधून माल सोडवणारा एजंट, म्हणतो, ‘सगळं मशीनचे पार्ट म्हणून ८४६६ मध्ये टाकू, साडेसात टक्क्यांत सुटतं.’ पहिला माल तसा सुटलाही, आता दुसरा न्हावा-शेव्याला लागतोय आणि तुम्हाला धाकधूक आहे.

धाकधूक रास्त आहे. तसं टाकू नका.

८४६६ हे मशीन टूलच्या सुट्या भागांचं हेडिंग, म्हणजे टॅरिफमधला (सीमाशुल्काच्या दरयादीतला) चार आकडी गट, आहे हे खरं. पण तिथवर पोचण्याआधी टॅरिफमधल्या सेक्शन आणि चॅप्टरच्या टिपा वाचाव्या लागतात, आणि नेमक्या त्याच कोणी वाचत नाही. मशिनरीचा सेक्शन सोळावा. त्याची पहिलीच टीप काय काय या सेक्शनमध्ये येत नाही ते सांगते, आणि त्यातलं ‘जी’ कलम म्हणतं की सर्वसाधारण वापराचे धातूचे भाग इथे येत नाहीत. सर्वसाधारण वापराचे भाग म्हणजे कोणते, ते पंधराव्या सेक्शनच्या टीप २ मध्ये दिलंय: ७३०७, ७३१२, ७३१५, ७३१७ आणि ७३१८ या हेडिंगमधला माल, तसाच दुसऱ्या साध्या धातूंचा माल, शिवाय स्प्रिंगा, कुलपं, बिजागऱ्या वगैरे. ७३१८ म्हणजे लोखंड-पोलादाचे स्क्रू, बोल्ट, नट, रिव्हेट, कॉटर पिन, वायसर. त्यामुळे तुमचा बोल्ट फक्त तुमच्याच मशीनच्या स्पिंडलवर बसत असला, त्यावर मशीन कंपनीचा पार्ट नंबर कोरलेला असला, तरी तो ७३१८ मध्येच राहतो. कस्टम ‘हा कुठे बसतो’ असं विचारत नाही. ‘हा काय आहे, कशाचा आहे’ एवढंच विचारतं.

गाड्यांच्या भागांनाही हाच नियम आहे. सतराव्या सेक्शनची टीप २ तसंच म्हणते. तिथे मात्र थोडा गोंधळ झाला होता. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेस्टिंगहाऊस सॅक्सबी फार्मर खटल्यात रेल्वे सिग्नलचे रिले विजेच्या उपकरणांतून काढून रेल्वेच्या हेडिंगमध्ये नेले, आणि त्याचा आधार घेऊन ऑटो पार्टवाल्यांना नोटिसा जाऊ लागल्या. मग ५ जानेवारी २०२२ ला केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने सूचना काढली की हा एकच निकाल डोळे झाकून सगळीकडे लावू नका, टिपा आणि बाकीचे निकालही बघा. तुमचा माल सोळाव्या सेक्शनशी संबंधित आहे, त्यामुळे त्या वादात फार शिरायची गरज नाही. पण कोणी तो निकाल दाखवून ‘मुख्य वापर बघायचा असतो’ असं सांगू लागलं तर हे माहीत असावं.

आता पैशाचं. ७३१८ वर मूळ सीमाशुल्क १५ टक्के आहे. २०२१ च्या अर्थसंकल्पात ते १० वरून १५ केलं, स्क्रूचा तेव्हा भाषणात वेगळा उल्लेख होता. त्यावर समाजकल्याण अधिभार, म्हणजे ड्युटीच्या दहा टक्के. एक लाखाच्या मालावर १५,००० अधिक १,५००, म्हणजे १६,५००. ८४६६ ला तेच ७,५०० अधिक ७५०, म्हणजे ८,२५०. आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) दोन्हीकडे १८ टक्केच, आणि त्याचं क्रेडिट तुम्हाला मिळतं. म्हणजे तुमचा सीएचए लाखामागे ८,२५० रुपये वाचवतोय, आणि तेवढ्यासाठी तुम्हाला पाच वर्षं मागे जाऊन उघडता येणारी फाइल देतोय. सीमाशुल्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मूल्यांकन आयातदार स्वतः करतो. बिल ऑफ एंट्रीवर (आयातीच्या घोषणापत्रावर) जबाबदारी तुमची असते, सीएचएची नव्हे. साधी चूक असेल तर दोन वर्षं मागे जाता येतं, माहिती दडवल्याचं ठरलं तर पाच वर्षं, आणि मग कलम ११४ए खाली ड्युटीएवढाच दंड. स्वच्छ ‘हेक्स सॉकेट बोल्ट’ लिहिलेला माल ‘मशीन पार्ट’ म्हणून दाखवला की ऑडिटवाल्याला दडवल्याचा मुद्दा आयताच मिळतो.

७३१८ च्या आत काय, ते जरा सावकाश सांगतो, कारण पुढची भांडणं तिथेच होतात. या हेडिंगचे दोन भाग आहेत, आटे असलेला माल आणि आटे नसलेला. आटेवाल्यांत ७३१८.११ कोच स्क्रू, .१२ इतर लाकडी स्क्रू, .१३ हुक आणि रिंगवाले स्क्रू, .१४ सेल्फ टॅपिंग, .१५ बाकी सगळे स्क्रू-बोल्ट, नट-वायसरसकट असले तरी, .१६ नट, .१९ उरलेले. बिनआट्यांत .२१ स्प्रिंग आणि लॉक वायसर, .२२ इतर वायसर, .२३ रिव्हेट, .२४ कॉटर आणि कॉटर पिन, .२९ इतर. तुमचे ॲलन बोल्ट ७३१८१५००. वायसर आधीच बोल्टमध्ये अडकवून आला असेल तरी तोच कोड, ‘नट-वायसरसकट’ हे शब्द त्यासाठीच आहेत. पण तेच नट वेगळ्या पिशवीत, वेगळ्या ओळीत, वेगळ्या संख्येने आले की ७३१८१६००. सर्क्लिपला भारतीय टॅरिफमध्ये स्वतःचा कोड आहे, ७३१८२९१०.

लाकडी, सेल्फ टॅपिंग आणि धातूसाठीचा स्क्रू यांतला फरक जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या स्पष्टीकरण-टिपांत चांगला लिहिलाय. धातूच्या स्क्रूचे आटे जवळजवळ आणि कमी तिरके, दांडा सरळ, टोक क्वचितच. बोल्ट नटात बसण्यासाठी असतो, धातूचा स्क्रू सहसा आधीच आटे पाडलेल्या भोकात जातो. लाकडी स्क्रू निमुळता, टोकदार, आटे उभट, कारण त्याला स्वतः वाट कापायची असते, आणि तो नटाबरोबर कधीच येत नाही. कोच स्क्रू म्हणजे चौकोनी किंवा षटकोनी डोक्याचा, खाच नसलेला मोठा लाकडी स्क्रू, रेल्वेचे स्लीपर बसवायला वापरतात तो. सेल्फ टॅपिंग दिसायला लाकडी स्क्रूसारखा, पण पातळ पत्रा, संगमरवर, प्लॅस्टिक यांत स्वतः आटे पाडत जाणारा. हे वर्णन हातात धरून माल समोर ठेवा, बहुतेक शंका तिथल्या तिथे मिटतात.

एक गंमत इथे आहे, आणि ती गंमत वाटते तोवरच ठीक. भारताच्या आठ आकडी यादीत ‘मशीन स्क्रू’ हे शब्द ७३१८१११० वर आहेत, म्हणजे कोच स्क्रूच्या पोटात! कॅटलॉगमध्ये मशीन स्क्रू लिहिलंय म्हणून लोक सरळ हा कोड उचलतात. पण वर्गीकरणाच्या सहाव्या नियमाप्रमाणे आधी सहा आकड्यांच्या पातळीवर जागा ठरवायची आणि मगच आत जायचं. जो माल कोच स्क्रू नाहीच, त्याला त्याच्या पोटातली ओळ लागू होत नाही. एम५ चा पॅन हेड मशीन स्क्रू ७३१८१५०० मध्येच जातो. दर सारखाच असल्याने यावरून कोणी फारसं अडवत नाही, पण बरोबर ते बरोबर.

धातू बदलला की हेडिंगच बदलतं. पितळी नट ७४१५, ॲल्युमिनियमचे ७६१६, टायटॅनियमचे ८१०८, निकेल मिश्रधातूचे ७५०८. मिश्रधातू कुठला ते त्यात वजनाने सगळ्यात जास्त असलेल्या धातूवरून ठरतं. इन्कोनेल ७१८ मध्ये निकेल अर्ध्याच्या आसपास म्हणून तो निकेल, आणि ए-२८६ मध्ये निकेल पंचवीस टक्क्यांच्या जवळपास असलं तरी लोखंड त्याहून जास्त, म्हणून तो पोलादच. झिंक, निकेल, कॅडमियमचा मुलामा असला तरी आतला धातूच धरायचा. एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे: सोफ्याला ठोकतात ते पितळी डोक्याचे लोखंडी खिळे. ७३१७ मध्ये तांब्याच्या डोक्याचा माल वगळलाय, म्हणून ते ७४१५ मध्ये जातात. स्टेनलेसचं मात्र भारतात या हेडिंगपुरतं काही वेगळं नाही, ए२ स्टेनलेस असो की साधा एमएस (माइल्ड स्टील), कोड तोच. लोहचुंबक लावून बघायची हौस गोदामापुरती ठेवा.

पॉप रिव्हेटवर जरा थांबा, तुमच्या यादीत तोच खरा फसवा माल आहे. भरीव रिव्हेट ७३१८.२३. पोकळ नळीचे किंवा दुभागी पायाचे रिव्हेट मात्र कुठल्याही साध्या धातूचे असले तरी ८३०८.२० मध्ये, आणि स्पष्टीकरण-टिपांनी पॉप रिव्हेट त्यातच धरले आहेत. ८३०८ हे बकल, हुक, आयलेटचं हेडिंग, त्यामुळे ते इंजिनिअरिंग मालाला शोभत नाही असं वाटतं. पण टिपा विमानांत वापरले जाणारे रिव्हेटसुद्धा तिथेच पाठवतात.

आणि तुमचे बॉलस्क्रू. नावात स्क्रू असला तरी ते काही आवळत नाहीत, गती देतात. ८४८३ च्या शीर्षकातच त्यांचं नाव आहे. या दोन नगांना ७३१८ मध्ये ढकलून उगाच १५ टक्के भरू नका. हाडांत घालायच्या ऑर्थोपेडिक स्क्रूंचंही असंच आहे. शरीरात बसवण्यासाठीच खास बनवलेला माल या जागतिक कोड-यादीच्या २०२२ च्या आवृत्तीने सर्वसाधारण भागांतून स्पष्टपणे बाहेर काढून ९०२१ ला दिला.

पुरवठादाराने इनव्हॉइसवर दहा आकडी कोड दिला असेल तर तो तसाच छापू नका. पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे ज्याच्या त्याच्या देशाचे. अमेरिकेत ७३१८.१५ च्या आत बोल्ट आणि स्क्रू वेगळे आहेत. मूळ दरात बोल्टला शून्य, तर ६ मिमी आणि त्यावरच्या स्क्रूला ८.५ टक्के, त्यामुळे तिथल्या कस्टमने बोल्ट आणि स्क्रू कसे ओळखायचे यावर वेगळी पुस्तिकाच काढली. आपल्याकडे ते दोन्ही एकाच ओळीत बसतात. पुण्या-नाशिकहून तिकडे माल पाठवणाऱ्यांना तो फरक पाहावा लागतो, तुम्हाला नाही.

तुम्हाला पाहायला लागेल ती डीजीएफटीची (परदेशी व्यापार महासंचालनालयाची) ३ जानेवारी २०२४ ची अधिसूचना. ७३१८ मधल्या स्क्रूच्या ठरावीक कोडांवर सीआयएफ (विमा-भाड्यासह) किंमत किलोला १२९ रुपयांपेक्षा कमी असेल तर आयातच बंद. तैवानचे स्टेनलेस बोल्ट याच्या बरेच वर असतील, तुम्ही अडकणार नाही. पण किलोमागचा भाव दिसावा म्हणून प्रत्येक ओळीचं निव्वळ वजन इनव्हॉइसवर हवं. शिवाय काही बोल्ट-नटांना बीआयएस (भारतीय मानक ब्युरोचा) मार्क सक्तीचा करणारा आदेश २०२३ मध्ये निघालाय आणि अंमलाच्या तारखा सरकल्या आहेत, म्हणून माल जहाजावर चढायच्या आधी ती स्थिती तपासून घ्या.

इनव्हॉइस असं लिहून मागवा: ‘सॉकेट हेड कॅप स्क्रू, स्टेनलेस ए२-७०, एम८ × ३०, डीआयएन ९१२, नग, निव्वळ किलो’. ‘स्पेअर्स फॉर सीएनसी’ हे शब्द काढायला सांगा, प्रश्न त्यांच्यामुळेच सुरू होतात. ड्रॉइंग आणि मटेरियल सर्टिफिकेट हाताशी ठेवा. एखादा नग खरोखरच वादाचा असेल आणि वर्षानुवर्षं आणायचा असेल तर मुंबईच्या ॲडव्हान्स रुलिंग (आगाऊ निर्णय) प्राधिकरणाकडे जा. फी १०,००० रुपये, कायद्यात तीन महिन्यांची मुदत, निर्णय काही वर्षं चालतो. माल बंदरावर अडला असताना तो मार्ग उपयोगाचा नाही, तिथे कलम १८ खाली तात्पुरतं मूल्यांकन मागून बॉण्डवर (हमीपत्रावर) सोडवता येतो.

राहिला आधी सुटलेला माल. नोटीस यायच्या आत स्वतः फरक काढून व्याजासकट भरा आणि तसं लेखी कळवा, कलम २८ मध्ये त्याची सोय आहे. व्याज १५ टक्के दराने लागतं. वाढलेल्या आयजीएसटीचं क्रेडिट जीएसटीवाल्याला विचारून घ्या. तो माल सोडवणारा सीएचएच हे करू शकतो, फक्त त्याला ईमेलवर सांगा, फोनवर नको.